आज्ञा देणारा गेल्यावर : नांदेडचा बंदा बैरागी

नांदेडच्या माणसाला बंदा घाट ठाऊक नाही असे सहसा होत नाही. पण ज्याच्या नावाने हा घाट ओळखला जातो, त्या माणसाविषयी चार वाक्ये सांगा म्हटले, तर आपल्यांपैकी पुष्कळ जण दुसऱ्या वाक्यालाच अडखळतात. गोदावरीच्या काठी मठ बांधून राहिलेला एक बैरागी, गुरू गोविंदसिंगांची भेट होताच शस्त्र हाती घेतो, पंजाबात जातो आणि दिल्लीच्या तख्ताला हादरा देतो, एवढेच काय ते आपण ऐकलेले असते. पंजाबात त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले, बंगालीत खुद्द रवींद्रनाथांनी कविता लिहिली. ज्या मराठवाड्यात त्याचा दुसरा जन्म झाला, तेथे मात्र तो एका घाटाचे नाव होऊन राहिला.

आज आम्हांस त्याचे चरित्र साद्यंत सांगावयाचे नाही. त्या चरित्रातून उभा राहणाऱ्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अत्यंत एकनिष्ठ, अत्यंत शूर आणि तितकाच कठोर असा सैनिक असतो. त्याचा सेनापती त्याला कामगिरी सांगतो आणि लगेच जगातून नाहीसा होतो. अशा सैनिकाचे पुढे काय होते? आज्ञेला दोन अंगे असतात. एक ‘चाल’ म्हणणारे आणि दुसरे ‘थांब’ म्हणणारे. पहिले अंग सैनिक आपल्याबरोबर घेऊन जाऊ शकतो. दुसरे वेळ येईल तेव्हाच उच्चारावयाचे असते, आणि ते उच्चारण्यास कोणी तरी जागेवर असावे लागते. बंदाच्या यशाचा आणि त्याच्या शोकांतिकेचा उलगडा या एका गोष्टीत आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम काळ लक्षात घेऊ. १७०७ च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, वारला. त्याच्या मुलांत तख्तासाठी लढाई झाली आणि मोठा मुलगा बहादूरशहा गादीवर आला. धाकटा भाऊ कामबक्ष हैदराबादेस बंड करून बसला होता. त्याचा बंदोबस्त करण्यास बादशाही छावणी दक्षिणेकडे निघाली, आणि त्या छावणीबरोबर शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडास आले. गुरू बादशहाबरोबर का होते याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सरहिंदचा फौजदार वजीरखान याच्या अत्याचारांची दाद बादशहाकडे लागेल अशी त्यांना आशा होती, हे मत बरेच मान्य झालेले आहे. त्या अत्याचारांची आठवण चार वर्षांपूर्वीचीच होती. गुरूंचे थोरले दोन पुत्र चमकौरच्या लढाईत पडले होते, आणि धाकटे दोघे, जोरावरसिंग व फतेहसिंग, सरहिंदेत भिंतीत चिणून मारले गेले होते. ही मुले दहा वर्षांचीही नव्हती.

इतके सोसलेल्या पित्याने सूडाची भाषा केली असती, तर कोणी त्याला दोष दिला नसता. परंतु गुरूंनी औरंगजेबास जे फार्सी काव्यपत्र पाठविले, त्या ‘जफरनाम्या’त तलवारीला एक अट घातलेली आहे. बाकीचे सारे उपाय थकल्यावरच हाताने मुठीकडे जावे, ही ती अट होय. शीख परंपरेतील भाई कन्हैयाची गोष्टही याच स्वभावाची आहे. आनंदपूरच्या लढाईत हा कन्हैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजीत फिरे. लोकांनी गुरूंकडे तक्रार नेली. गुरूंनी त्याला बोलावून विचारले, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर शिक्षा करण्याऐवजी जखमांना लावण्याचे मलम त्याच्या हाती दिले. सेनापती जागेवर असणे म्हणजे काय, हे या लहानशा गोष्टीवरून समजते. तक्रार जाण्यास जागा असते, आणि तेथून मिळणारा निकाल सैन्याच्या रागाहून मोठा असतो.

नांदेडात माधोदास नावाचा बैरागी राहत होता. मूळचा तो काश्मीरच्या बाजूचा, राजौरीचा; जन्म १६७० चा. पूर्वाश्रमीचे नाव लछमनदेव. तरुणपणी शिकारीत एका गाभण हरिणीचा जीव घेतला, तिच्या पोटातील पिले डोळ्यांदेखत गेली, आणि त्या पश्चात्तापाने तो बैरागी झाला अशी कथा आहे. गुरूंची व त्याची भेट कशी झाली, याचीही कथा आहे. बैरागी मठात नसताना गुरू येऊन त्याच्या आसनावर बसले. बैराग्याने आपली सिद्धी चालवून पाहिली, ती चालली नाही. अखेर तो पायांशी बसला आणि म्हणाला, ‘मी तुमचा बंदा.’ बंदा म्हणजे सेवक. पुढे हेच त्याचे नाव झाले. कथेतील सिद्धीचा भाग सोडून दिला, तरी त्या नावाचे महत्त्व कमी होत नाही. ज्याने स्वतःला दुसऱ्याचा सेवक या एकाच नावाने ओळखविले, त्याच्या निष्ठेविषयी वेगळा पुरावा मागण्याचे कारण नाही.

मात्र या शिष्यत्वाचा काळ किती? फार तर काही आठवडे. त्याच दिवसांत एका पठाणाने गुरूंवर कट्यारीचा वार केला. जखम शिवली गेली, पण पुन्हा उघडली, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरूंनी नांदेडास देह ठेवला. तत्पूर्वी त्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. आपल्यामागे कोणी व्यक्ती गुरू होणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी सांगितले. आणि बंदास पंजाबात धाडले. परंपरा सांगते की, निघताना त्याला पाच बाण, निशाण, नगारा व शिखांच्या नावे आज्ञापत्रे मिळाली, आणि सल्ल्यास पाच अनुभवी शीख देण्यात आले. त्यांत बिनोदसिंग, कहानसिंग, बाजसिंग ही नावे येतात. हे पाच जण आपण लक्षात ठेवू. गुरूंनी सैनिकाला मोकळा सोडला नव्हता, त्याच्या पाठीशी पंचायत दिली होती. पण ज्याने सारे मन एका माणसाच्या पायांवर वाहिले, त्याला पाच जणांच्या सल्ल्याने चालावयाचे होते. हे सोपे नव्हते.

नांदेडहून निघालेल्या या मूठभर लोकांची पंजाबात पोहोचेपर्यंत फौज झाली. ही फौज प्रामुख्याने कुणब्यांची आणि कारागिरांची होती; जमीनदारांच्या आणि अंमलदारांच्या जाचाने गांजलेली माणसे निशाणाखाली गोळा झाली. २६ नोव्हेंबर १७०९ रोजी समाना पडले. गुरू तेगबहादुरांचा दिल्लीत वध करणारा जल्लाद याच गावचा, अशी समजूत होती. गाव लुटले गेले आणि मोठी कत्तल झाली. नंतर सढौरा घेतले. १२ मे १७१० रोजी छप्परचिरीच्या मैदानात वजीरखान लढता लढता मारला गेला, आणि दोन दिवसांनी बंदा सरहिंदेत शिरला. नांदेडास मिळालेली कामगिरी दीड वर्षाच्या आतबाहेर पुरी झाली.

आज्ञेचे दुसरे अंग येथे हवे होते. अपराधी मेला होता. पण सरहिंद शहर जिवंत होते, आणि शहरात अपराधी थोडे व रहिवासी फार असतात. शहराची लूट झाली, माणसे मारली गेली. वजीरखानाचा दिवाण सुच्चानंद हिंदू होता. त्याच्या घराचाही विध्वंस झाला. फार्सी इतिहासकार खाफीखान बंदाच्या क्रौर्याची भयंकर वर्णने देतो. तो विरुद्ध पक्षाचा, तेव्हा त्याचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. परंतु ते सारेच खोटे म्हणून बाजूला सारणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोगल अंमलदारांनी आधी काय केले होते ते सांगितल्याने रागाचे कारण कळते. समान्याच्या गल्लीत मेलेल्या विणकराचा अपराध त्यातून सिद्ध होत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. केवळ लुटारू म्हणून ज्याला मोकळे होता येईल, असा हा माणूस नव्हता. लोहगडास त्याने आपले ठाणे केले आणि नाणे पाडले. त्या काळी नाण्यावर नाव घालणे ही राजेपणाची खूण असे. बंदाच्या नाण्यावर नाव आहे ते गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांचे; स्वतःचे नाही. जमीन कसणाऱ्याच्या नावे करून जमीनदारांचे वर्चस्व मोडण्याचे श्रेयही इतिहासकार त्याला देतात. आणि ज्याला मुसलमानांचा वैरी म्हणून रंगविले जाते, त्याच्या फौजेत कलानौरास पाच हजार मुसलमान नोकरीस राहिले असून त्यांना नमाजाची व खुतब्याची मोकळीक आहे, अशी बातमी १७११ च्या एप्रिलात खुद्द बादशाही अखबारात नोंदलेली आहे. म्हणजे निष्ठा होती, न्यायबुद्धीही होती. नव्हती ती या दोघींना क्रोधाच्या क्षणी आवर घालणारी सत्ता.

बहादूरशहा दक्षिणेतून तातडीने उत्तरेस परतला. १७१० च्या अखेरीस लोहगडाला वेढा पडला. गुलाबसिंग नावाच्या शिखाने बंदाचा वेष घेऊन स्वतःला पकडवून दिले आणि बंदा डोंगरांत निसटला. त्याच डिसेंबरात बादशहाने नानकाचे उपासक दिसतील तेथे ठार करावेत असा हुकूम काढला. एका बाजूच्या कठोरपणाने दुसऱ्या बाजूचा कठोरपणा कसा वाढतो, हे या हुकुमात दिसते. १७१२ मध्ये बहादूरशहा वारला, पुढच्या वर्षी फर्रुखसियर तख्तावर आला, आणि बंदाच्या पाठलागाने पुन्हा जोर धरला.

मधल्या वर्षांत घरातच फट पडली होती. बंदाने विवाह केला. जयघोषाचे शब्द बदलले, असे म्हणतात. त्याच्याभोवती त्यालाच गुरूच्या जागी मानणाऱ्या अनुयायांचा मेळ जमू लागला. रतनसिंग भंगू याने शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या ‘पंथ प्रकाशा’त बंदाने गुरूंच्या अटी मोडल्या असा स्पष्ट आरोप आहे. गंडासिंग यांच्यासारख्या विसाव्या शतकातील संशोधकांनी १९३५ पासून या आरोपांची कसून छाननी केली आणि त्यांतील पुष्कळसे टिकत नाहीत असे दाखविले. आम्ही या वादात निवाडा देत नाही. वाद झाला, ही गोष्टच आमच्या विषयाला पुरेशी आहे. गुरू हयात असते तर एका शब्दात मिटले असते असे भांडण आता मिटेनासे झाले. बंदा म्हणे, मला गुरूंनी पाठविले. जुने शीख म्हणत, आम्हांलाही गुरूंनीच पाठविले. दोघेही खरेच बोलत होते.

१७१५ साली गुरदास नंगल येथील एका आवारात बंदा कोंडला गेला. वेढा आठ महिने चालला. धान्य संपले, गवत, पाने, झाडांच्या साली खाण्याची पाळी आली. याच वेढ्यात बिनोदसिंग आणि बंदा यांच्यात बाहेर पडावे की आत राहून लढावे यावरून खटका उडाला, आणि बिनोदसिंग तलवार चालवीत बाहेर पडला. नांदेडास ज्या पाचांवर बंदाला सांभाळण्याचे काम सोपविले होते, त्यांतीलच हा एक. तो बाहेर पडला, त्या क्षणी गुरूंनी घालून दिलेल्या व्यवस्थेचा शेवटचा धागाही तुटला. डिसेंबरात आवार पडले.

पुढची हकीकत ऐकण्यास कठीण आहे. १७१६ च्या फेब्रुवारीत सुमारे साडेसातशे कैद्यांची दिल्लीत धिंड निघाली. भाल्यांवर मुंडकी होती, आणि बंदा हत्तीवर लोखंडी पिंजऱ्यात होता. मार्चमध्ये रोज शंभर याप्रमाणे कैद्यांची मुंडकी उडविण्यात आली. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील त्या वेळी दिल्लीत होते. त्यांनी १० मार्चच्या पत्रात लिहून ठेवले आहे की, कैदी विलक्षण धीराने मरणास सामोरे जातात आणि धर्म सोडून जीव वाचविणारा एकही निघाला नाही. खाफीखानाने एका कोवळ्या मुलाची गोष्ट दिली आहे. त्याच्या आईने खटपट करून, हा शीख नव्हे, असे सांगून माफीचा हुकूम मिळविला. मुलाने आई खोटे बोलते म्हणून सांगितले आणि तो रांगेत परत जाऊन उभा राहिला. ९ जून १७१६ रोजी मेहरौलीस बंदाच्या मांडीवर त्याच्या चार वर्षांच्या मुलास मारले, आणि मग हालहाल करून त्याला स्वतःला मारण्यात आले.

मरणापूर्वी महंमद अमीनखान या सरदाराने त्याला विचारले की, तुझ्या चेहऱ्यावर एवढी समज दिसते, मग तू इतके क्रौर्य कसे केलेस? खाफीखानाने दिलेल्या उत्तराचा आशय असा : माणसे मर्यादेबाहेर गेली म्हणजे ईश्वर त्यांना शासन करण्यास माझ्यासारखा कोणी पाठवितो, आणि मग त्या शासन करणाऱ्यालाही त्याच्या कर्माचे फळ देण्यास तुमच्यासारख्यांच्या हाती देतो. हे शब्द बंदाचेच असतील किंवा नसतील. पण त्याच्या आयुष्याचा अर्थ त्यांत नेमका आला आहे. आपण कोणाच्या तरी हातातले शस्त्र आहोत, असे मानणारा हा माणूस होता. शस्त्र निष्ठावंत असते. मात्र ‘आता पुरे’ हे शस्त्राला कळत नाही. ते हाताला कळावे लागते. हात नांदेडास गोदेच्या काठी केव्हाच विसावला होता.

मग सेनापती गेल्यावर निष्ठावंताने हरवून जाणे अटळच आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि याची उदाहरणे जवळचीच आहेत. माई भागो या वीर स्त्रीने पंजाबात गुरूंच्या बाजूने शस्त्र धरले होते. तीही त्यांच्याबरोबर नांदेडास आली होती. गुरू गेल्यावर तिने सूड शोधला नाही. ती बिदरजवळच्या जनवाड्यास जाऊन राहिली आणि नामस्मरणात व उपदेशात तिने उरलेले आयुष्य घालविले, असे परंपरा सांगते. लातुराहून उदगीरमार्गे बिदरास जाणाऱ्यांना हे स्थान फार दूर नाही. सेनापती तोच आणि निष्ठाही तीच. परंतु तिने त्याच्या आज्ञेपेक्षा त्याचा उपदेश बरोबर नेला.

आपल्या मराठ्यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, रायगड गेला, राजाराम महाराज जिंजीस गेले. तरी राज्य बुडाले नाही, कारण रामचंद्रपंत अमात्यांसारखी कारभार सांभाळणारी माणसे मागे होती आणि आज्ञा एका माणसात साठविलेली नव्हती. पण त्याच धामधुमीत संताजी घोरपड्यांसारखा अजोड सेनानी बेबनावात सापडला. खाफीखानानेच लिहिले आहे की, संताजी क्षुल्लक चुकीसाठी माणसाला हत्तीच्या पायी देई. शत्रूला ज्याचा धाक, त्याचा स्वकीयांनाही धाक बसला, आणि १६९७ साली तो आपल्याच माणसांच्या वैरात मारला गेला.

शीख पंथानेही बंदाच्या अनुभवातून धडा घेतला. त्याच्यामागे तत्त खालसा आणि बंदई असे दोन पक्ष राहिले. १७२१ साली अमृतसरास भाई मणीसिंगांच्या मध्यस्थीने वाद मिटविण्यात आला. दोन चिठ्ठ्या सरोवरात सोडाव्यात आणि जी वर राहील तिचा पक्ष खरा मानावा, असे ठरले. हातघाईवर आलेली माणसे तलवार बाजूला ठेवून कागदाच्या चिठोरीकडे पाहात उभी राहिली, हे आम्हांस फार मोठे वाटते. त्या शतकात सर्व खालसाने एकत्र जमून ‘गुरमत्ता’ म्हणजे ठराव करण्याची पद्धत रुजली. जे काम एका माणसाच्या शब्दाने होत असे, ते सभेच्या शब्दाने होऊ लागले. नांदेडास गुरूंनी सांगितले होते ते याहून वेगळे नव्हते. ते अंगवळणी पडण्यास मधली वर्षे लागली.

ही सारी तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, असे मात्र नांदेड-लातूरच्या माणसाने म्हणू नये. १९४७-४८ साली रझाकारांनी या मुलखात काय केले, ते येथल्या घराघरांत माहीत आहे. त्यांचा नेता कासिम रझवी लातुरातच वकिली करीत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला, रझवी कैद झाला. अपराधी सापडला होता. त्यानंतर काय झाले? भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव हिंडून अहवाल दिला. तो दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही; २०१३ च्या सुमारास तो लोकांना पाहावयास मिळू लागला. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर निदान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली, असा त्या समितीचा अंदाज होता, आणि सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांबरोबर नांदेडचे नाव होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतील पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचविणारे हिंदूही त्याच अहवालात आहेत. त्यांना कोणी ‘थांब’ म्हणून हुकूम दिला नव्हता. तो हुकूम त्यांच्यापाशी होता.

आम्हांस सांगावयाचे ते एवढेच. बंदाला लहान करण्याचा आमचा हेतू नाही; त्याच्या निष्ठेपुढे आणि मरणापुढे आम्ही नम्र आहोत. पण नुसती निष्ठा हा अर्धाच गुण आहे. ज्या नेत्याला आपल्यामागे काम चालावे असे वाटते, त्याने कामाबरोबर त्याची सीमाही सांगून जावी, आणि ती सीमा सांभाळणारी सभा जिवंत राहील असे पाहावे. ज्या अनुयायाला आपण निष्ठावंत आहोत असे वाटते, त्याने नेत्याने काय करावयास सांगितले एवढेच न आठवता, तो समोर असता तर कोठे हात धरला असता, हेही स्वतःला विचारावे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविलेल्या सचखंडात गुरूंची म्हणून जतन केलेली शस्त्रे आहेत, आणि तेथेच ग्रंथही आहे. गुरूपद कोणाला मिळाले, शस्त्रांना की शब्दाला, हे आपल्याच गावी ठरले आहे.